बाळंतिणीची डोकेदुखी आणि मेंदूचे चित्र



बाळंतिणीचे डोके दुखते, ही काही मुद्दाम रेडिओवरून सांगण्यासारखी बातमी नव्हे. रात्रीची जागरणे, तान्ह्याचे रडणे, पाहुण्यांची वर्दळ. एवढ्यात कोणाचे डोके दुखणार नाही? म्हणून घरातली वडील बाई म्हणते, "वारं लागलं असेल, कान बांधून पड थोडी." बहुतेक वेळा तिचे म्हणणे खरे ठरते. बाळंतीण झोपून उठली की बरी असते.

पण एखादीचे डोके राहत नाही. दुसऱ्या दिवशी जास्त दुखते, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. आडवे झाले की वाढते, खोकले की वाढते, पहाटे उलटी होते. अशा एखादीच्या डोक्यात काय चाललेले असते आणि ते बाहेरून कसे पाहतात, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी बसते, असा हा रोग. डॉक्टर त्याला 'सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस' म्हणतात आणि तेवढे म्हणण्याचा कंटाळा आला की नुसते 'सी. व्ही. टी.' म्हणतात. आपण आज त्याला 'शिरेतली गुठळी' म्हणू.

रोग विरळा आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर भाषण संपायच्या आत निम्म्या घरांतली डोकी दुखू लागतील! जुन्या पुस्तकांत दहा लाख लोकांमागे वर्षाला तीनचार रोगी असा अंदाज असे. २०१२ साली नेदरलंड्समधल्या डॉक्टरांनी नीट मोजदाद केली, तेव्हा तो आकडा दहा लाखांमागे सुमारे तेरा निघाला. रोग अचानक तिपटीने वाढला असेल असे मला वाटत नाही. पूर्वी तो दिसत नसे आणि आता दिसू लागला, हे त्यातले मोठे कारण असावे.

आता गुठळी म्हणजे काय होते, ते समजून घेऊ. त्यासाठी आपल्याला शहराबाहेर जायला नको. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी या गावाला डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने आणले, ते आपण लहानपणापासून ऐकतो. पाणचक्कीवर पाहुण्यांना घेऊन गेले की तिथले पाणी कुठून येते याची कथा सांगावीच लागते. पाणी आणणाऱ्या नहरीचे कौतुक सगळे करतात. पण आलेले पाणी वापरून झाल्यावर जाते कुठे? ते उताराने गटारांतून, नाल्यांतून खाम नदीकडे जाते. त्याची कथा पाहुण्यांना कोणी सांगत नाही. पावसाळ्यात नाला तुंबला आणि सखल भागातल्या घरांत पाणी उलटे शिरले, म्हणजे मात्र सगळ्यांना त्याची आठवण होते.

मेंदूचेही तसेच आहे. हृदयाकडून मेंदूला मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त जाते. नेणाऱ्या नळ्या म्हणजे धमन्या. धमनी बंद पडली की माणसाला अर्धांगवायू होतो, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. पण जेवढे रक्त आत जाते, तेवढेच मिनिटाच्या मिनिटाला बाहेरही पडावे लागते. ते परत नेणाऱ्या वाटा म्हणजे शिरा. पुढे या शिरा एका मोठ्या पाटात रिकाम्या होतात. या पाटाला इंग्रजीत 'सायनस' म्हणतात. सायनस म्हटले की आपल्याला चोंदलेले नाक आठवते, पण ते सायनस निराळे, हे निराळे.

हा मुख्य पाट कुठे असतो? बायका डोक्याच्या मधोमध भांग पाडतात ना, बरोबर त्या भांगाच्या रेषेखाली, कवटीच्या आतून, तो कपाळापासून मागे जातो. अंबाडा जिथे बसतो, साधारण त्या जागी त्याचे दोन फाटे होतात. एक उजव्या कानामागे, एक डाव्या कानामागे जातो आणि तिथून दोन्ही मानेत उतरतात. भांग आणि अंबाडा ध्यानात ठेवा, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

या पाटात गुठळी बसली म्हणजे वरून येणारे रक्त अडते. नहर चालू आणि नाला बंद, अशी स्थिती होते. डोक्यातला दाब वाढतो. डोके दुखते, उलट्या होतात, नजर अंधुक होते. दाब आणखी वाढला की बारीक शिरांतून पाणी झिरपून मेंदूला सूज येते आणि शेवटी एखादी शीर फुटून रक्त सांडते. मग झटके येतात, हातपाय लुळे पडतात, शुद्ध हरपते. हे सगळे एका तासात होईल असे नाही. कधी दोन दिवस लागतात, कधी दोन आठवडे. या रोगात हा दोनचार दिवसांचा अवधी मिळतो, हे आपले भाग्य. तो घरातच वाया गेला, म्हणजे मात्र दुर्दैव.

हा रोग नवा नाही. १८२५ साली रीब नावाच्या फ्रेंच डॉक्टराने पंचेचाळीस वर्षांच्या एका पुरुषाचा वृत्तान्त लिहिला. त्याला झटके येत, भ्रम होई. तो दगावल्यावर शवविच्छेदनात भांगाखालच्या त्या पाटात गुठळी सापडली. तीनच वर्षांनी, १८२८ साली, ॲबरक्रॉम्बी या स्कॉटिश डॉक्टराने एका बाळंतिणीची अशीच हकीगत प्रसिद्ध केली. त्यानंतर शंभर वर्षे या रोगाचे निदान जवळजवळ नेहमी मेल्यानंतरच होई. डॉक्टरांचा निष्काळजीपणा होता असे नव्हे. कवटी ही बंद पेटी, आत पाहायचे कसे? १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले, पण त्या किरणांना हाड दिसे, हाडाआडचा मऊ मेंदू दिसत नसे. १९२७ साली पोर्तुगालमधल्या एगास मोनिझ या डॉक्टराने मानेतल्या धमनीत क्ष-किरणांना अडवणारे औषध सोडले आणि त्याच वेळी डोक्याचे चित्र घेतले. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या त्या चित्रात उमटल्या. पुढे आणखी काही सेकंदांनी चित्र घेतले तर शिराही दिसतात, हे कळले. ही तपासणी आजही करतात. पण ती जोखमीची आणि कुशल हाताची. गावोगाव करण्यासारखी नव्हे.

खरी क्रांती केली ती एका कारागीर वृत्तीच्या इंजिनियराने. गॉडफ्रे हौन्सफील्ड त्याचे नाव. आपल्याकडच्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्या ज्या कंपनीच्या, त्या ई. एम. आय. कंपनीत तो नोकरीला होता. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती, लंडनच्या एका विद्युत् विद्यालयाची पदविका तेवढी होती. उस्मानपुऱ्यात आमच्या शेजारी शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथली पोरे संध्याकाळी टोळीने चहाला येतात आणि आपण नुसते 'डिप्लोमावाले' म्हणून थोडी दबून बोलतात. त्यांना मी हौन्सफील्डचे नाव हमखास ऐकवतो. १९७१ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्याच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले आणि १९७९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हेच ते सी. टी. स्कॅन. क्ष-किरण एका बाजूने न टाकता डोक्याभोवती फिरवून सगळ्या बाजूंनी टाकायचे, किती किरण पलीकडे पोचले ते मोजायचे आणि त्या आकड्यांवरून गणकयंत्राने आडव्या कापाचे चित्र तयार करायचे, अशी ही युक्ती. काकडीच्या चकत्या कराव्या, तशा मेंदूच्या चकत्या दिसतात, सुरी न लावता.

आता समजा, वैजापूर-कन्नडच्या बाजूची एक मुलगी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आहे. बाळंतपण सुखरूप झाले, मुलगी झाली. दहाव्या दिवशी तिचे डोके दुखू लागले. आईने लवंग उगाळून लावली. अकराव्या दिवशी तिने दोनदा उलटी केली. शेजारीण म्हणाली, "पित्त झालंय." बाराव्या दिवशी बारसे. त्या गडबडीत ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, उजेड नको म्हणाली. तेव्हा कुजबूज सुरू झाली की हे काहीतरी बाहेरचे आहे. कोणी अंगारा आणून लावला. तेराव्या दिवशी पहाटे तिला झटका आला, उजवा हात उचलेना, मग जीप करून शहरात आणली. ही मुलगी मी समजा म्हणून सांगितली. पण मराठवाड्यात ज्यांनी चार वर्षे रुग्णालयात काढली आहेत, अशा कोणत्याही डॉक्टराला विचारा, तो म्हणेल, "ती ना? आमच्याकडे येऊन गेली."

रुग्णालयात पहिला विचार येतो तो बाळंतझटक्यांचा, म्हणजे रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांचा. ते बरोबरच आहे, कारण तो आजार जास्त आढळतो. रक्तदाब मोजतात, लघवी तपासतात. समजा, दोन्ही ठीक निघाले. आता चांगला डॉक्टर एक स्वस्त काम करतो. खिशातल्या दिव्यावजा यंत्राने तो डोळ्याच्या आत, बुबुळाच्या मागच्या पडद्यावर पाहतो. डोक्यातला दाब वाढला असेल तर डोळ्याची नस जिथून आत शिरते, ती चकती सुजलेली दिसते. दोन मिनिटांचे काम, वीज गेली तरी करता येणारे. मोठी यंत्रे आली म्हणून हे छोटे यंत्र कपाटात पडावे, हे मला मुळीच पसंत नाही.

मग सी. टी. स्कॅन. या चित्रात शिरेतली गुठळी कशी दिसते? ताजी गुठळी घट्ट असते, म्हणून साध्या चित्रात ती आजूबाजूच्या मेंदूपेक्षा पांढरी दिसते. मेंदूच्या पृष्ठावरची एखादी शीर गोठली असेल तर पांढऱ्या दोरीचा तुकडा पडल्यासारखा दिसतो. डॉक्टर तिला दोरीची खूणच म्हणतात. शिरेतून औषध सोडून पुन्हा चित्र घेतले तर आणखी एक खूण मिळते. अंबाड्याच्या जागी त्या मोठ्या पाटाचा छेद त्रिकोणी असतो. औषध गुठळीत शिरत नाही, तिच्या भोवतालच्या आवरणात मात्र भरते. त्यामुळे त्रिकोणाच्या तिन्ही कडा उजळतात आणि मधला भाग काळा राहतो. ओटी भरताना आपण खणाची त्रिकोणी घडी करतो, तशा खणाचे काठ तेवढे चमकावेत आणि मध्ये अंधार असावा, तसे ते दिसते. हा 'रिकामा त्रिकोण' एकदा पाहिलेला माणूस पुन्हा विसरत नाही.

पण इथेच मोठी मेख आहे. ही खूण थोड्याच रोग्यांत सापडते आणि सुमारे तीस टक्के रोग्यांत साधे सी. टी. स्कॅन अगदी निर्दोष असते. घरातले लोक कागद हातात घेऊन म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आला, देवाची कृपा." आणि डिस्चार्ज मागतात. त्यांचेही काय चुकले? पैसे खर्चून चित्र काढले, चित्रात काही नाही, मग आजारही नाही, असेच कोणाला वाटेल. साध्या चित्रात मेंदू दिसतो, शिरांमधला प्रवाह दिसत नाही. घराचा फोटो काढला म्हणून मोरी तुंबली आहे की नाही ते कळत नाही. संशय असेल तर शिरांचे वेगळे चित्र काढावे लागते. त्याला व्हेनोग्राम म्हणतात. ते सी. टी.वरही निघते आणि एम. आर. आय.वरही.

एम. आर. आय.बद्दल दोन शब्द बोलतो, कारण हे यंत्र आपल्या आकाशवाणीचे जवळचे नातलग आहे. यात क्ष-किरण नाहीत. मोठे चुंबक आहे आणि रेडिओच्या लहरी आहेत. आपल्या शरीरात पाणी पुष्कळ आणि पाण्यात हायड्रोजन. चुंबकात माणूस झोपवून ठरावीक लांबीच्या रेडिओलहरी सोडल्या की हायड्रोजनचे कण त्या झेलतात आणि थोड्या वेळाने परत देतात. परत आलेल्या लहरींवरून चित्र बनते. नेहमी वापरात असलेल्या दीड टेस्ला शक्तीच्या यंत्रात या लहरी सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या असतात. तुमच्या एफ. एम. रेडिओचा पट्टा ८८ पासून १०८ पर्यंत असतो. म्हणजे स्टेशन थोडे खाली आहे, इतकेच! पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली या रीतीने पहिले चित्र प्रसिद्ध केले. त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले.

वाहते रक्त या यंत्राला कसे ओळखू येते? शाळेच्या वर्गात बसलेल्या पोरांना मास्तरांनी तोच प्रश्न लागोपाठ विचारला तर पोरे कंटाळून पुटपुटू लागतात. पण दारातून नुकता आत आलेला पोरगा ताजा असतो, तो खणखणीत उत्तर देतो. यंत्र एका चकतीवर भराभर लहरी टाकत राहते. तिथला स्थिर मेंदू कंटाळतो, मंद दिसतो; बाहेरून नुकते आलेले रक्त मात्र लख्ख दिसते. प्रवाह थांबला असेल तर तिथे लख्ख काही येतच नाही, रेघ मध्येच तुटते. यासाठी औषधाची सुई टोचावी लागत नाही, म्हणून गर्भारशीलाही ही तपासणी करता येते.

हेही निर्दोष नाही. पुष्कळ माणसांत डाव्या कानामागचा पाट जन्मतःच बारीक असतो. चित्रात तो नसल्यासारखा दिसतो आणि नवखा डॉक्टर गुठळी म्हणून बसतो. अशा वेळी त्याच बाजूचे कवटीच्या तळाचे छिद्र पाहतात. छिद्रही लहान असेल तर पाट मुळातच बारीक आहे, तो तुंबलेला नाही. उलट, पहिल्या चारपाच दिवसांतली ताजी गुठळी एम. आर. आय.च्या काही चित्रांत वाहत्या रक्तासारखी काळी दिसते आणि नजरेतून निसटते. आठवडाभराने तीच पांढरी होऊन उठून दिसते. म्हणून एकच चित्र पाहून भागत नाही, निरनिराळ्या रीतींनी घेतलेली चित्रे शेजारी ठेवून पाहावी लागतात. आणि चिठ्ठीवर "बाळंतपणानंतर दहावा दिवस, डोकेदुखी, झटका, शिरेतल्या गुठळीचा संशय" एवढी एक ओळ डॉक्टरांनी लिहिली, तर चित्र वाचणाऱ्याचे अर्धे काम होते. नुसते "डोके दुखते" लिहिलेल्या चिठ्ठ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. कुठे शोधायचे ते सांगितले नाही तर शोधणारा कुठवर शोधणार?

तपासणीला जाताना बायकांची एक अडचण असते. चुंबकाच्या खोलीत धातूचे काही न्यायचे नसते. मंगळसूत्र, जोडवी, नथ, केसांतले आकडे, सगळे काढून ठेवावे लागते. आजारी सुनेच्या गळ्यातले मंगळसूत्र काढायचे म्हटले की सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येते आणि अर्धा तास त्यातच जातो. त्यावर सोपा उपाय आहे. हळकुंड बांधलेला सुती दोरा गळ्यात घालावा. दोऱ्याला चुंबकाची हरकत नाही. यंत्र जवळजवळ अर्धा तास ठोकाठोक केल्यासारखा आवाज करते, तेवढा वेळ डोके हलवायचे नाही. दुखत काही नाही. बाहेर आले की बाळाला पाजावे.

निदान झाले, आता उपचार. आणि हा उपचार ऐकून शहाणी माणसेही चमकतात. गुठळीमुळे मेंदूत रक्त सांडलेले चित्रात दिसत असते आणि डॉक्टर म्हणतात, रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन देतो. "अहो, आधीच रक्त वाहतंय, त्यात पातळ कसलं करता?" असे बाप विचारतो. प्रश्न रास्त आहे. डॉक्टरांनाही तो वर्षानुवर्षे पडला होता. स्टॅन्सफील्ड नावाच्या डॉक्टराने १९४२ साली बाळंतिणीच्या अशा आजारात हेपॅरिन हे औषध दिल्याचे लिहिले, पण भीतीपोटी बाकीचे धजत नव्हते. १९९१ साली म्युनिकच्या आइनहॉइपल यांनी वीस रोग्यांवर प्रयोग केला. दहांना हेपॅरिन दिले, दहांना दिले नाही. ज्यांना दिले त्यांतले आठ जण पूर्ण बरे झाले, दोघांत थोडी उणीव राहिली, मेले कोणी नाही. ज्यांना दिले नाही त्यांतले तिघे दगावले आणि एकच पूर्ण बरा झाला. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनेही बाळंतिणींना कमी मात्रेत हेपॅरिन देऊन आलेला गुण १९९९ साली प्रसिद्ध केला. कारण उघड आहे. घरात पाणी शिरले ते नाला तुंबल्यामुळे. घरातले पाणी उपसत बसण्यापेक्षा नाला मोकळा होणे महत्त्वाचे. मात्र धमनी फुटून झालेल्या रक्तस्रावात हेच औषध दिले तर अनर्थ होईल. दोन्हींची चित्रे वरवर सारखी, उपचार मात्र अगदी उलटे. म्हणून चित्र नीट वाचले जाणे हा इथे जिवाचा प्रश्न असतो.

वेळेवर औषध मिळाले तर निकाल चांगला येतो. एकवीस देशांतल्या ६२४ रोग्यांचा पाठपुरावा करून २००४ साली जो मोठा अहवाल निघाला, त्यात मृत्यू आणि कायमचे परावलंबित्व मिळून तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास होते. बहुतेक सगळे आपल्या पायांवर घरी गेले. धमनी बंद पडून झालेल्या अर्धांगवायूत असा निकाल मिळत नाही.

आता वाटेल की हा फक्त बाळंतिणींचा आजार आहे. तसे नाही. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटने २०१२ साली ४२८ रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. मराठवाड्यातले लोक हैदराबादेस उपचाराला जात आले आहेत, त्यामुळे ही नोंद मला घरचीच वाटते. त्यात निम्म्याहून थोडे अधिक पुरुष होते. रक्तक्षय, दारू, रक्तातले होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढणे, संततिनियमनाच्या गोळ्या आणि बाळंतपण, अशी कारणे त्यांना आढळली. मुंबईत परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २०१३ साली सहाशेहून अधिक रोग्यांचे रक्त तपासून, जन्मतःच रक्त लवकर गोठण्याचा दोष कितीजणांत आहे, याचा शोध घेतला. तेव्हा उन्हातान्हात काम करून, पाण्याऐवजी भलतेच काही पिणाऱ्या तरुणाचे डोके आठवडाभर दुखत असेल तर "उतरली नाही अजून" म्हणून थट्टा करण्याआधी त्याला दाखवून आणावे.

आणि एक गोष्ट बायकांना, आणि त्यांच्या घरच्यांना, स्पष्टच सांगतो. गौरी-गणपती, घरचे लग्न, पंढरीची वारी आली की पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणली जाते. डॉक्टराला न विचारता, औषधाच्या दुकानातून, कधी धाकट्या भावाला पाठवून. ही हार्मोनची गोळी आहे, रक्त गोठण्याचा कल ती वाढवू शकते. त्यात सणाची धावपळ, उपास, पाणी कमी. इराणमधल्या इस्फहानच्या डॉक्टरांना, रमझानात उपवास करणाऱ्या आणि पाळी लांबवण्यासाठी गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हाच आजार जास्त आढळला. धर्म कोणताही असो, शिरा सारख्याच. ज्यांना पूर्वी कधी गुठळी झाली आहे, ज्यांना अर्धशिशीत डोळ्यांपुढे नागमोडी रेघा येतात, त्यांनी तर विचारल्यावाचून गोळीला हातही लावू नये.

आता पाण्याबद्दल. "बाळंतिणीला पाणी देऊ नये, पोट सुटतं," असे आपल्याकडे कितीतरी घरांत मानतात. खोलीत शेगडी, अंगाला शेक, दारे बंद, डोक्याला फडके आणि पाणी मोजून वाटीभर. बाळंतपणानंतर रक्त लवकर गोठावे अशी निसर्गाचीच योजना असते, नाहीतर बाई रक्तस्रावानेच जाईल. तो कल पहिले सहा आठवडे जोरात असतो आणि थोडाफार बारा आठवड्यांपर्यंत टिकतो. आपला सव्वा महिना बहुतेक त्यातच येतो. अशा काळात अंगातले पाणी आटवले तर रक्त आणखी दाट होते. नुसत्या पाण्याच्या कमतरतेनेच हा आजार होतो, असे मी म्हणणार नाही. कारणे चारपाच मिळून येतात. पण त्यांतले हे एक कारण फुकटात टाळता येते. सव्वा महिन्याची विश्रांती हा आपल्या आजीबाईंचा शहाणपणा आहे. डिंकाचा लाडू, अळीवाची खीर, बाळंतशोपा, धुरी, सगळे राहू द्या, पण बाजेशेजारी पाण्याचा तांब्या भरलेला असू द्या आणि बाईला रोज थोडे घरातल्या घरात चालू द्या.

सिझेरियन झालेल्या बाईच्या डोकेदुखीत आणखी एक घोटाळा होतो. पाठीत भुलीची सुई दिल्यावर काहींचे डोके दुखते. ते बसले की दुखते आणि आडवे झाले की थांबते. चारसहा दिवसांत बहुधा जाते. हीच डोकेदुखी पुढे आडवे झाले तरी राहू लागली, तिचा रंग बदलला, म्हणजे 'सुईचे दुखणे' म्हणून स्वस्थ बसू नये.

मग नेमके केव्हा निघायचे? रोज वाढत जाणारी डोकेदुखी, तिच्याबरोबर उलटी, अंधुक किंवा दोन-दोन दिसणे, झापड, झटका, हातापायातली किंवा बोलण्यातली गडबड, यांतले काहीही दिसले की त्याच दिवशी निघायचे. बारसे पुढे ढकलता येते. १०८ ला फोन करावा. आमच्या उस्मानपुऱ्यात एकनाथ रंगमंदिरापासून क्रांती चौकापर्यंत चालत गेले तर डॉक्टरांच्या पाट्या मोजता मोजता माणूस थकेल. घाटीचे शासकीय रुग्णालयही दूर नाही, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला १९५६ पासूनची परंपरा आहे. म्हणजे शहरातल्या माणसाला सबब नाही. सबब आहे ती पाचोडच्या, सोयगावच्या माणसाला. त्याने निदान शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर घ्यावे, म्हणजे महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी दारातच करता येते. बाळ बरोबर न्यावे. बाळंतपणाची तारीख, घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि डोके कधीपासून दुखते तो दिवस, एवढे डॉक्टरांना न विचारता सांगावे. आणि साधे स्कॅन निर्दोष आले तर एकच प्रश्न विचारावा, "डॉक्टरसाहेब, शिरांचं चित्र काढायचं का?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

घरी परतल्यावर पातळ रक्ताच्या गोळ्या तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत घ्याव्या लागतात. किती काळ, ते कारणावर अवलंबून. यांतल्या जुन्या गोळीसाठी वरचेवर रक्त तपासावे लागते; नव्या गोळ्यांना तेवढे लागत नाही, पण त्या सगळ्याच अंगावर पाजणाऱ्या आईला चालत नाहीत, म्हणून मूल पीत असल्याचे सांगायला विसरू नये. काही महिन्यांनी पुन्हा शिरांचे चित्र काढतात. बहुतेकांत तो बंद पडलेला पाट पुरता किंवा बराचसा मोकळा झालेला असतो. "पुढचं मूल होऊ द्यायचं का?" हा प्रश्न मग सासूबाई दाराआडून विचारतात. एकदा हा आजार झाला म्हणून पुढचे बाळंतपण बंद, असे नाही. दिवस राहिले की लगेच दाखवायचे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे पोटावर छोटी इंजेक्शने बहुधा घ्यावी लागतात, ती घरच्या घरीही टोचता येतात. संततिनियमनाची नेहमीची गोळी मात्र या बाईने पुन्हा कधी घ्यायची नाही. त्याऐवजी तांबी बसवून घ्यावी.